पुलरचा धडा : बेअरिंग ठोकू नका, ओढा



या अंकाच्या अभ्यासपाठासाठी मी एक साधे हत्यार निवडले आहे. त्याचे नाव पुलर. गाडीच्या ॲक्सलवर घट्ट बसलेले बेअरिंग ओढून काढणे, एवढेच त्याचे काम. राजोडीत माझे छोटे गॅरेज आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे खारा वारा आणि वाळू खाल्लेल्या गाड्या माझ्याकडे नेहमीच येतात. त्याचबरोबर विक्रमगड, जव्हार, मोखाडा या बाजूच्या पाड्यांवर फिरणाऱ्या मिशनच्या जीपही दुरुस्तीला येतात. गेली काही वर्षे त्या पाड्यांवरची मुले सुट्टीत काम शिकायला येऊ लागली आहेत. त्यांना पहिल्या आठवड्यात मी जे शिकवतो, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पाना कधी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाड्यावर जाणाऱ्या गाडीसाठी आपण पैसे देता, तिच्या डिझेलसाठी देता, टायरसाठीही देता. ती गाडी किती वर्षे टिकेल आणि तिच्यात बसलेली माणसे घाटातून सुखरूप उतरतील की नाही, हे बऱ्याचदा चाकाच्या आत दडलेल्या, तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूवर ठरते. म्हणून हा धडा सर्वांसाठी आहे.

बेअरिंग म्हणजे काय?

फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यामध्ये बेअरिंग बसते. त्यात पोलादाची दोन कडी असतात, एक आतले आणि एक बाहेरचे. दोघांच्या मध्ये गोळ्या किंवा रोलर असतात आणि ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून एक जाळी असते. लोखंडावर लोखंड घासण्याऐवजी गोळ्यांवरून घरंगळते. त्यामुळे झीज कमी होते, उष्णता कमी होते आणि ओढायला जोर कमी लागतो.

ही कल्पना गाडीच्या आसासाठीही वापरली गेली. वेल्समधील कारमार्थन गावच्या फिलिप वॉन या लोखंडाच्या कारखानदाराने १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसात गोळ्या बसवण्याचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत हेन्री टिमकेन या गाड्या बनवणाऱ्या माणसाने १८९८ मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. गाडी वळते तेव्हा चाकावर वरून वजन येतेच, शिवाय बाजूनेही रेटा बसतो. निमुळते रोलर दोन्ही भार एकदम पेलतात. आज जीप, ट्रक, ट्रॅक्टर यांच्या चाकांत अशी बेअरिंग सर्रास आढळतात. आपल्या देशात जयपूरला एनबीसीची आणि पुण्याजवळ चिंचवडला एसकेएफची बेअरिंग तयार होतात. नालासोपारा किंवा वसईच्या दुकानात गेलात तर ही नावे खोक्यांवर दिसतील.

बेअरिंग खराब होते कसे?

आपल्या भागात मुख्य शत्रू पाणी. पावसाळ्यात पाड्याकडे जाणारी जीप मोऱ्या आणि फरशी पुलांवरचे पाणी कापत जाते. घाट उतरून आलेल्या गाडीचे हब तापलेले असते. ते थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. थोडेसे पाणी ग्रीसमध्ये मिसळले तरी ते पांढरट, चिकट होते आणि त्याचे काम थांबते. मग गंज, मग खड्डे, मग आवाज. आमच्या राजोडीच्या किनाऱ्यावर हौसेने वाळूत गाडी घालणाऱ्यांच्या बाबतीतही हेच होते. तिथे पाणी खारे असते म्हणून गंज आणखी लवकर चढतो.

बेअरिंग आधी बोलून दाखवते. गाडीचा वेग वाढला की चाकातून घरघर वाढते आणि गियर बदलला तरी आवाज तसाच राहतो. वळणावर वजन एका बाजूला गेले की आवाज कमी-जास्त होतो. प्रवासानंतर एका चाकाचे हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेले असते. ब्रेक ड्रमच्या आत तेल उतरते. चाक उचलून वर-खाली हलवले तर खटखट जाणवते. यातली एकही खूण दिसली तर गाडी पाड्यावर पाठवू नये.

का पाठवू नये, तेही समजून घ्या. बस आणि ट्रक यांसारख्या जड गाड्यांत चाकाचे वजन ॲक्सलच्या बाहेरच्या नळीवर, म्हणजे हाऊसिंगवर, पेललेले असते. आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. पण अनेक जीप, व्हॅन आणि पिकअप गाड्यांत शाफ्टच वजनही पेलतो आणि चाकही फिरवतो. त्याच्या बाहेरच्या टोकाला चाक बोल्टने जोडलेले असते. शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवलेले असते आणि त्याच्यामागे पोलादाची एक कॉलर दाबून बसवलेली असते. शाफ्टला आत धरून ठेवण्याची जबाबदारी या बेअरिंगची आणि कॉलरची. ती जोडी फुटली किंवा सरकली, तर चाक आणि शाफ्ट दोन्ही मिळून बाहेर निघून येतात. चालत्या गाडीत हे घडले आणि वाट घाटाची असली, तर काय होईल हे सांगायला नको.

हातोडा का नको?

शिकायला आलेल्या मुलांपैकी एकाने मला पहिल्याच दिवशी विचारले, "काका, छन्नी लावून चार घाव घातले तर निघत नाही का?" प्रश्न चांगला होता. निघते. बऱ्याच रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये तसेच काढतात. पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

पहिली गोष्ट, छन्नीचा घाव बेअरिंगवरून घसरतो आणि शाफ्टवर ओरखडा पडतो. शाफ्टचा तो भाग फार काळजीपूर्वक घासून नेमक्या मापाचा केलेला असतो. तिथे ओरखडा पडला की नवे बेअरिंग सरळ बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टमध्ये ओरखडा हीच तड्याची सुरुवात असते. शाफ्ट प्रत्येक फेरीत वजनाखाली किंचित वाकतो आणि परत सरळ होतो. लाखो फेऱ्यांनंतर ओरखड्यातून बारीक तडा आत सरकतो आणि एक दिवस काहीही पूर्वसूचना न देता शाफ्ट तुटतो. १८४२ साली पॅरिसजवळ व्हर्सायहून येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच तुटला. पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अभियंत्यांनी आस का तुटतात याचा कसून अभ्यास सुरू केला आणि धातूही थकतो हे जगाला कळले.

दुसरी गोष्ट, घाव एका बाजूला बसतो, म्हणून बेअरिंग तिरपे होऊन शाफ्टला चावते. मग जितके ठोकाल तितके ते अधिक घट्ट होते. तिसरी गोष्ट, कुणी कंटाळून गॅसची ज्योत मारतो. शाफ्टला कारखान्यात ठरावीक तापमानाने कठीणपणा दिलेला असतो. ज्योतीने लाल झालेला शाफ्ट दिसायला तोच, पण आतून मऊ पडलेला.

बेअरिंग काही शेकड्यांत मिळते. शाफ्ट त्याच्या कितीतरी पट महाग असतो आणि जुन्या गाडीचा तर सहज मिळतही नाही. स्वस्त वस्तू काढण्यासाठी महाग वस्तूचा जीव घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

पुलर कसा काम करतो?

पुलरला मधोमध एक जाड स्क्रू असतो आणि त्याच्या दोन्ही किंवा तिन्ही बाजूंना आकड्यासारखे पाय. पाय बेअरिंगच्या मागे अडकवायचे, स्क्रूचे टोक शाफ्टच्या मध्यावर टेकवायचे आणि पान्याने स्क्रू फिरवायचा. स्क्रू शाफ्टला पुढे रेटतो, पाय बेअरिंगला मागे ओढतात. दोन्ही जोर एकाच सरळ रेषेत असतात, म्हणून बेअरिंग तिरपे होत नाही.

यातले गणित मुलांना फार आवडते. समजा पाना ३० सेंटिमीटर लांब आहे आणि स्क्रूचा आटा २ मिलिमीटरचा आहे. एका फेऱ्यात आपला हात सुमारे १८८ सेंटिमीटर फिरतो आणि स्क्रू फक्त २ मिलिमीटर सरकतो. म्हणजे हाताचा जोर सुमारे ९४० पट व्हायला हवा. आट्यातले घर्षण त्यातला बहुतेक भाग खाऊन टाकते. दहावा हिस्सा जरी उरला, तरी २० किलोचा हात जवळजवळ दोन टनांचा ओढा देतो. तोही आवाज न करता आणि धक्का न देता. म्हणून स्क्रूच्या आट्याला आणि टोकाला आधी ग्रीस लावावे. घर्षण जितके कमी, तितका ओढा जास्त.

आता या धड्यातले मुख्य वाक्य. ज्या कड्याने घट्ट धरले आहे, त्याच कड्याला धरून ओढा. ॲक्सल शाफ्टवर आतले कडे घट्ट असते. पुलरचे पाय बाहेरच्या कड्याला लावले, तर सगळा जोर गोळ्यांमधून आतल्या कड्याकडे जातो. गोळी कड्याला अगदी बिंदूवर टेकलेली असते. तेवढ्या जागेवर दोन टन आले की कड्यात खळगे पडतात. असे बेअरिंग परत बसवले तर पहिल्याच दिवशी घरघर करते.

पण आतल्या कड्यामागे बोट शिरायलाही जागा नसते, मग आकडा कसा शिरणार? त्यासाठी दोन अर्ध्या भागांची, धारदार कडेची एक पट्टी असते. तिला सेपरेटर म्हणतात. तिचे दोन भाग बेअरिंगच्या मागे दोन बाजूंनी सरकवून बोल्टने आवळले की धार आतल्या कड्यामागे जाऊन बसते. मग पुलरचा आडवा दांडा लांब बोल्टने या पट्टीला जोडायचा. जुन्या पद्धतीच्या काही जीपमध्ये शाफ्टचे टोक निमुळते असते आणि हब त्यावर चावीने व नटने बसवलेले असते. तिथे आधी हब ओढण्याचा वेगळा, जाड पुलर लागतो. सामान्य आकड्याच्या पुलरने तो प्रयत्न केला तर आकडाच मोडतो.

काम पायरी पायरीने

१. गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करा. मग जॅक लावून उचला आणि हाऊसिंगखाली स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, एक मिनिटही, जाऊ नये.

२. हँडब्रेक सोडा. चाक आणि ब्रेक ड्रम काढा. ब्रेकची नळी सोडवावी लागली तर तिचे तोंड झाका.

३. बॅक प्लेट धरणारे नट काढा. शाफ्ट हाताने निघत नसेल तर सरकत्या वजनाचा पुलर फ्लँजला लावून, सरळ रेषेत हलके धक्के द्या. खाली भांडे ठेवा, हाऊसिंगमधले तेल बाहेर येते.

४. शाफ्ट बाकावर घट्ट धरा. डोळ्यांवर चष्मा लावा. कॉलर पुलरने ओढायची नसते. ती ग्राइंडरने एका-दोन ठिकाणी पातळ होईपर्यंत घासायची आणि छन्नीचा एक बेताचा घाव घालून तडकवायची. ग्राइंडर शाफ्टला लागता कामा नये. थोडी जाडी शिल्लक ठेवा.

५. सेपरेटर आतल्या कड्यामागे बसवा. पुलर जोडा. स्क्रू शाफ्टच्या बरोबर मध्यावर आहे आणि दोन्ही बोल्ट सारख्याच लांबीवर आहेत, हे बाजूने डोळा लावून तपासा.

६. पुलरवर जाड गोणपाट टाका. समोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा. मग सावकाश पाना फिरवा.

७. बेअरिंग हलले नाही तर थांबा. पान्याला पाइप लावून जोर वाढवू नका, त्याने स्क्रू किंवा पाय तुटून उडतो. कड्याच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल टाका. ताण तसाच ठेवून स्क्रूच्या डोक्यावर एक हलका टोला द्या आणि चहा पिऊन या. बऱ्याचदा परत येता येता "टक्" असा आवाज येतो आणि बेअरिंग सुटलेले असते.

मुलांना सर्वांत जड जाते ती हीच सातवी पायरी. तरुण हाताला थांबणे म्हणजे हार वाटते. ताण धरून ठेवायचा आणि वेळ द्यायचा, हे एकदा जमले की पुढचे काम सोपे होते.

नवे बसवताना

शाफ्ट स्वच्छ पुसा आणि बोट फिरवून ओरखडा जाणवतो का पाहा. नवे ऑइल सील घ्या आणि नवी कॉलर घ्या. जुनी कॉलर परत वापरू नये, कारण तिची पकड गेलेली असते. बेअरिंग घालण्याआधी बॅक प्लेट आणि धरपट्टी शाफ्टवर चढवली का, हे दोनदा पाहा. ती विसरली तर नव्याकोऱ्या बेअरिंगवरच परत पुलर लावावा लागतो.

रबरी सील नसलेले बेअरिंग स्वच्छ तेलात तारेने लटकवून गरम करता येते. ते भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. तापमान शंभर अंशांच्या आसपास पुरे, १२० च्या वर नको. ३५ मिलिमीटर भोकाचे बेअरिंग ८० अंशांनी तापले की त्याचे भोक साधारण ०.०३ मिलिमीटरने मोठे होते. केसाच्या जाडीच्या निम्म्याइतकाही हा फरक नसतो, पण तेवढ्यावर बेअरिंग अलगद सरकून जागेवर बसते आणि थंड झाल्यावर शाफ्टला घट्ट धरते. रबरी सीलचे बेअरिंग तापवू नये. ते प्रेसवर, आतल्या कड्यावर नळी टेकवून दाबावे. काढताना आणि बसवताना नियम एकच.

नंबर वाचायला शिका

बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. मोटरसायकलपासून पाण्याच्या पंपापर्यंत लागणाऱ्या साध्या गोळ्यांच्या बेअरिंगचे उदाहरण घ्या. ६२०५ या नंबरातला ६ म्हणजे एका ओळीत गोळ्या असलेले बेअरिंग, २ म्हणजे त्याची मालिका आणि शेवटचे ०५ म्हणजे भोकाचे माप. त्याला पाचाने गुणा, २५ मिलिमीटर. ६३०४ असेल तर २० मिलिमीटर. शेवटी ००, ०१, ०२, ०३ असेल तर मापे अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिलिमीटर. एवढे कळले की दुकानदार "हेच चालेल" म्हणाला तरी मुलाला फसवता येत नाही. नकली मालही बाजारात असतो. पुसट कोरीव अक्षरे, ढिले खोके आणि फार कमी भाव दिसला की सावध व्हावे.

हे हत्यार डोंगरात हवे

जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आसपासच्या पाड्यांचा मोठा आधार आहे. पण तिथवर पोहोचायला गाडी लागते. अवघड बाळंतपण किंवा सर्पदंश असेल तर कधी पुढे नाशिकलाही न्यावे लागते. अशा वेळी पाड्यावरची एकुलती जीप बेअरिंगपायी उभी असेल, तर माणसाला झोळीत घालून चालण्याशिवाय मार्ग उरत नाही. बेअरिंग बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम. पण हत्यार आणि हात वसई-विरारला असतील, तर त्याच कामाला कितीतरी दिवस जातात.

दुसरी बाजू रोजगाराची. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि शाळा सुटते. ज्या मुलाच्या हाती एखादे पक्के काम आहे, त्याला गावातच राहता येते. दुचाकी, टमटम, ट्रॅक्टर, भाताची गिरणी, पाण्याचा पंप, सगळ्यांत बेअरिंग आहे. दहावी झालेल्या मुलाला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो. तिथून कागद मिळतो. पण बाहेर पडल्यावर त्याच्याकडे स्वतःची हत्यारे नसतात. नेमके तिथेच तो अडतो आणि परत हातोडा उचलतो.

म्हणून आपल्याला एक सुचवावेसे वाटते. गाडी देणे मोठे काम आहे आणि ते चालूच राहो. पण गाडीसोबत पुलरचा एक संच, दोन स्टँड आणि ते वापरता येणारा पाड्यावरचाच एक तरुण, एवढी जोड दिली तर त्या गाडीचे आयुष्य वाढेल. आपल्यापैकी कुणाच्या घरी वडिलांचे बंद पडलेले गॅरेज असेल, माळ्यावर हत्यारांची पेटी गंजत असेल, तर ती उघडून पाहा. पुलर सहसा खराब होत नाही. आट्यावरचा गंज काढून ग्रीस लावले की तो पुढच्या पिढीलाही चालतो.

गटात चर्चेसाठी

१. पुलरचे पाय बाहेरच्या कड्याला लावले तर बेअरिंगमध्ये नेमके काय बिघडते?

२. ज्या गाडीत शाफ्टच वजन पेलतो, तिची कॉलर सरकली तर चाकाचे काय होते?

३. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाडीची आपण परत आल्यावर कोणती तपासणी करावी?

४. आपल्या धर्मग्रामात गाडीदुरुस्ती, सुतारकाम, वायरिंग यांची जाणकार, निवृत्त माणसे कोण आहेत? त्यांच्याकडे सुट्टीत दोन मुले शिकायला पाठवता येतील का?